जमनी याडीचं कडं

घाटंजीच्या आमच्या घरात दिवसाचा पहिला आवाज असायचा तो कानशीचा. फजरची नमाज झाली की अब्बा ओसरीतल्या आपल्या पाटावर जाऊन बसायचे आणि आदल्या दिवशी ओतलेल्या चांदीच्या कडा घासायला घ्यायचे. बारीक, दाताखाली रेती आल्यासारखा तो आवाज मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांना सोसायचा नाही. मला मात्र त्यातच गाढ झोप लागायची आणि तो थांबला की जाग यायची. थांबला म्हणजे अब्बा आता मूस तापवून चांदी वितळवणार, आणि भाता ओढायचं काम माझं होतं. आत अम्मी भाकरी थापत असायची. ओल्या पिठाचा वास आतून आणि कोळशाचा, टाकणखाराचा वास बाहेरून, असे दोन्ही माझ्या नाकात एकत्र बसलेले आहेत. आजही कुठे कोळसा पेटला की मला भूक लागते.

माझ्या दोन्ही थोरल्या बहिणी लग्न होऊन गेल्या होत्या. घरात अब्बा, अम्मी आणि मी. शाळा संपली होती, पुढे शिकायचं तर यवतमाळला नाहीतर नागपूरला जावं लागणार होतं आणि त्याचं घरात कोणी नाव काढत नव्हतं. अब्बांचं सगळं काम आसपासच्या तांड्यांवरच्या बंजारा बायकांचं. हातातली कडी, गळ्यातल्या हांसळ्या, पायातले वाळे घडवायचे, तुटले की सांधायचे. घरात आम्ही हिंदी आणि वऱ्हाडी मिसळून बोलायचो, गिऱ्हाइकांशी नुसती वऱ्हाडी, आणि तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांशी त्यांच्या गोरबोलीतले चार शब्द मिसळून. मी शिकले मराठी शाळेत आणि पुढे जन्मभर मराठी शाळेतच शिकवलं, म्हणून हे मराठीत लिहिते आहे. बाजाराच्या दिवशी आमची ओसरी बायकांनी भरून जायची. काचा लावलेले घागरे, कवड्यांच्या पिशव्या, एकमेकींवर किणकिणणारी चांदी. अम्मी मोठ्या पातेल्यात गुळाचा चहा ठेवायची. बायका येताना ओच्यातून काही ना काही आणायच्या, कधी शेंगा, कधी चारोळी, उन्हाळ्यात तेंदूची गोड टेंभरं. त्या दिवशी आमच्याकडे अंबाडीची भाजी आणि तुरीचं वरण जास्तीचं रांधलेलं असायचं, कारण कोणी ना कोणी जेवायला थांबायचंच.

जुना दागिना कसा ओळखायचा हे अब्बांनी मला धडा म्हणून कधी शिकवलं नाही. दुरुस्तीला काही आलं की ते माझ्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, डोळे मिट, आता सांग. खरा जुना दागिना अंगाच्या बाजूनं झिजतो, जिथे वर्षानुवर्षं मनगट, मान, घोटा घासला तिथे तो गुळगुळीत होतो. मुद्दाम जुना केलेला बघणाऱ्याच्या बाजूनं झिजवलेला असतो, कारण करणाऱ्याला तेवढंच सुचतं. खऱ्या जुन्याच्या फटीतला मळ टणक असतो, सुईनं टोकरला तर खपलीसारखा निघतो. गंधकाची धुरी देऊन आणलेला काळेपणा चोळला की बोटाला लागतो. हातानं छिन्नी मारून कोरलेल्या फुलाची एकेक पाकळी थोडी वेगळी असते, आणि वरची कड झिजली तरी पाकळीचा तळ धारदार राहतो. साच्यातून काढलेल्या नकलेत तळही बोथट. आणखी एक गोष्ट मला अब्बांनी सांगितली होती, ती अशी की ओतलेली चांदी निवताना अंग चोरते. अस्सलाचा साचा घेऊन केलेली नक्कल अस्सलापेक्षा केसभर लहानच भरते. ते डोळ्यांना दिसत नाही. ज्यानं तो दागिना वापरला त्याच्या अंगालाच कळतं.

आता माझ्या भाच्या, त्यांच्या मुली, त्यांच्या मैत्रिणी मला फोनवर फोटो पाठवतात. कोणी ऑनलाइन मागवलेलं असतं, कोणी राजस्थानच्या सहलीत घेतलेलं. नानी, हे खरंच अँटिक आहे का? फोटोवरून सगळं कळत नाही, पण पुष्कळ कळतं, आणि मी सांगते. मग त्या म्हणतात, आमच्या नानी एक्स्पर्ट आहेत. मी विषय बदलते. त्यांना वाटतं माझा स्वभावच संकोची आहे.

माझी शाळा संपली त्या वर्षी नागपूरचे एक शेठ आमच्याकडे येऊ लागले. स्वच्छ, मृदू बोलणारे, अम्मीसाठी आठवणीनं संत्र्याची बर्फी आणणारे. शहरातल्या बायकांना तांड्यांवरचे जुने दागिने आवडू लागले होते, आणि जुनं मिळेल तेवढं थोडंच होतं. म्हणून शेठ अब्बांकडून जुन्या घडणीच्या नकला करून घ्यायचे. अब्बांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, पण त्यांची एक अट होती. प्रत्येक नकलेच्या आतल्या बाजूला ते बारीक खिळ्यानं तीन ठिपके ठोकायचे. हे मी केलंय, आताच केलंय, एवढाच त्याचा अर्थ. शेठना ते ठिपके आवडत नव्हते, पण अब्बांसारखं काम दुसरीकडे मिळत नव्हतं, तेव्हा ते गप्प राहायचे.

आणि त्याच दिवसांत जमनी याडी आपलं कडं घेऊन आली. याडी म्हणजे आई, तांड्यावर सगळे तिला तसंच म्हणायचे आणि आम्हीही. ती अब्बांच्या आईच्या वेळेपासून आमच्याकडे येत होती. उंच, वाळलेली, बोलताना दुसऱ्याचा हात हातात धरून बोलायची सवय. तिच्या डाव्या हातातलं जाड कडं तिच्या सासूचं, आणि सासूला तिच्या सासूनं दिलेलं. त्यावर दहा फुलं कोरलेली होती आणि अकराव्याला जागा पुरली नव्हती म्हणून कारागिरानं तिथे नुसतं एक पान काढलं होतं. सांध्याजवळ त्याला तडा गेला होता. ते उतरवून देताना ती म्हणाली की लग्नापासून हा हात आंघोळीपुरताच काय तो उघडा राहतो, लवकर दे. अब्बांनी तिला विचारलं, याडी, याचा साचा घेऊ का? अशी घडण पुन्हा पाहायला मिळायची नाही. ती म्हणाली, घे बाप्पा, त्यानं माह्यं कडं थोडंच झिजते.

अब्बांनी तडा सांधला आणि नक्कलही केली. दोन्ही कडी पाटावर शेजारी ठेवलेली असताना शेठ आले. त्यांनी जुनं उचललं आणि पुष्कळ वेळ खाली ठेवलं नाही. विकत मागितलं. अब्बा म्हणाले, ते माझं नाही आणि जिचं आहे ती द्यायची नाही. मग शेठनी मला जवळ बोलावून डोळे मिटायला लावले आणि दोन्ही कडी माझ्या दोन हातांवर ठेवली. मी क्षणात जुनं उचलून त्यांच्यापुढे धरलं. ते हसले. अब्बा नमाजला उठून गेल्यावर म्हणाले, अशी पारख माझ्या दुकानात कोणाला नाही. नागपूरला ये. माझ्या बहिणीकडे राहशील, सकाळी कॉलेज कर, दुपारून दुकानात बस. तुझ्या अब्बांशी मी बोलतो. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘तुला कळलं, पण त्या बाईला कळेल का गं?’

मी म्हटलं, ‘असंच दिलं तर कळंल. नीट जुनं केलं तर नाही कळणार.’

नीट म्हणजे कसं, असं त्यांनी विचारलं आणि मी सांगत बसले. आतून कसं झिजवायचं, मळ कसा टणक करायचा, पाकळ्यांचे तळ टोकदार छिन्नीनं पुन्हा कसे उघडायचे. माझं बोलणं इतक्या लक्षपूर्वक तोपर्यंत कोणी ऐकलं नव्हतं. शेठ उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, ‘बाजाराच्या दिवशी माझं कडं न्यायला येतो. तू जे देशील ते नेईन.’

त्यांनी मला कडी बदल असं सांगितलं नाही. हे मी पुढे स्वतःला फार वेळा बजावलं, जणू त्यानं माझा गुन्हा कमी होणार होता. उलट आहे. मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी बोरी अरबहून निरोप आला की फुप्पूंचे, म्हणजे माझ्या आत्याचे, यजमान वारले. अब्बा निघाले. जाताना दोन्ही कडी वेगवेगळ्या फडक्यांत बांधून फळीवर ठेवली आणि मला म्हणाले, हे याडीचं, हे शेठचं. अम्मी घरी होती. दोन दुपारी मी अब्बांच्या पाटावर बसून काम केलं. आधी कानस घेऊन नव्या कड्याच्या आतले तीन ठिपके घासून काढले. ते सहज निघाले नाहीत, अब्बांनी ते खोल ठोकले होते. अम्मी आत डाळ निवडत होती. कानशीचा आवाज ऐकून तिनं आतून म्हटलं, माझी बेटी अब्बांची गैरहजेरी जाणवू देत नाही. मग मी गंधकाची हलकी धुरी दिली, ती चिंध्यांनी चोळून उतरवली, तेल आणि चुलीतली काजळी शेतातल्या काळ्या मातीत मळून फटींत भरली आणि गरम राखेत पुरून ती टणक केली. फुलांचे तळ उघडले. पानाच्या देठावर जुन्यात एक ओरखडा होता, तोही काढला. त्या दोन दुपारी मी फार आनंदात होते. लिहायला जड जातं, पण तसंच होतं. आयुष्यात पुढे मी कुठलंही काम इतक्या तल्लीनतेनं केलं नाही.

स्वतःला मी सांगत होते की नव्यातली चांदी जास्त शुद्ध आहे, वजनही सारखंच, जुन्याला पुन्हा तडा जाणारच होता. याडीचं नुकसान ते काय?

बाजाराच्या दिवशी शेठ आधी आले. मी त्यांना जुनं कडं बांधलेलं फडकं दिलं. त्यांनी आतून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि नव्या कड्याची जी मजुरी ठरली होती ती ठेवून निघून गेले. दुपारी याडी आली. तिला मोटार गाठायची होती. कडं तिनं कमरेच्या पिशवीत टाकलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, ओच्यातली टेंभरं माझ्या ओंजळीत ओतली आणि गेली. मी ती सगळी खाल्ली.

पुढच्या बाजाराला ती सुनेला घेऊन आली. अब्बा परत आले होते, पाटावर बसले होते. ओसरीत पाच-सहा बायका चहा पीत होत्या. याडीनं पिशवीतून कडं काढलं आणि अब्बांच्या समोर न ठेवता माझ्या हातात दिलं.

‘छोरी, हे माह्यं नाही हाय,’ ती म्हणाली.

मी ते उलटसुलट करून पाहिलं, जसं पारख असलेलं माणूस पाहतं तसं. मग म्हटलं, ‘तुयंच हाय, याडी. साफ केल्यानं वेगळं दिसून राह्यलं.’

‘दिसाचं नाही म्हणत मी. हातात जातानी अडते. पह्यले असं सरकन जाये.’

चांदी अंग चोरते हे त्या ओसरीत दोघांनाच माहीत होतं, अब्बांना आणि मला. मी याडीचा हात हातात घेतला, तिच्याच सवयीसारखा, आणि तिच्या बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवत म्हटलं, ‘म्हातारपणी सांधे सुजतात, याडी. कडं तेच हाय, हात जाड झाला.’

तो हात काटकीसारखा होता. सून हसली आणि बायकांकडे पाहून म्हणाली की सासूचं आता असंच होऊन राहिलं आहे, चुलीवर दूध ठेवते आणि विसरते, परवा नातवाला मुलाच्या नावानं हाक मारली. बायकाही हसल्या, वाईटपणानं नव्हे, म्हाताऱ्या माणसाला हसतात तशा. याडी हसली नाही. ती आपल्या हाताकडे पाहत राहिली. तिच्या तोंडावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती आठवत होती. आपलं काय काय विसरून गेलं असेल, याचा ती हिशेब लावत होती.

‘पाहू,’ अब्बा म्हणाले.

मी कडं त्यांना दिलं. त्यांना पाहायचीही गरज नव्हती, ते त्यांच्या हातचं होतं. त्यांचा अंगठा आतल्या बाजूनं फिरत गेला आणि एका जागी थांबला. तिथे कानस फिरलेली होती, मी कितीही गुळगुळीत केलं असलं तरी. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी तेव्हाच सगळं सांगून टाकलं असतं तर ते योग्यच झालं असतं. पण ओसरीत बायका होत्या, त्यातली एक अम्मीच्या ओळखीतली होती जी माझ्यासाठी स्थळ पाहत होती. अब्बांनी मान खाली घातली आणि कडं याडीच्या हातावर ठेवलं. तेवढ्यानं याडीला पुरे झालं. माझ्यावर नसेल, पण त्यांच्यावर तिचा विश्वास होता.

‘असंल मंग,’ ती म्हणाली. ‘माह्यंच ध्यान गेलं असंल.’

त्या दिवशी बाजार उठल्यावर अब्बांनी मला आत बोलावून एवढंच विचारलं की जुनं कोणाकडे आहे. मी सांगितलं. मारतील असं वाटलं होतं. त्यांनी मला आयुष्यात कधी हात लावला नाही, तेव्हाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं ते नागपूरला गेले आणि तिसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं परत आले. शेठनी ते विकलं होतं. कोणाला ते सांगितलं नाही, आणि म्हणाले की तुमच्या मुलीनंच दिलं, मी कुठे मागितलं? घरी आल्यावर अब्बा पाणीसुद्धा न पिता तसेच तांड्यावर गेले. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता माझं नाव सगळ्या तांड्यांवर होणार, आणि तरीही कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं.

परत आल्यावर त्यांनी अम्मीला आणि मला समोर बसवलं. म्हणाले, ‘मी सांगतलं, मायाच हातून झालं. लोभ झाला म्हणून सांगतलं. तू आता तोंड उघडायचं नाही. तुयं लगन करायचं हाय.’ अम्मी पदराआड रडली. अब्बांनी याडीला घरातली चांदी देऊ केली होती, ती तिनं घेतली नव्हती. आणि मी काय केलं? मी मान डोलावली. एकदाही म्हटलं नाही की नाही अब्बा, मी जाते तांड्यावर. असं म्हणावं हे मला सुचलं नाही, असं मी बरीच वर्षं मानत आले. सुचलं होतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. त्यानंतर आठवड्याभरानं मी शेठना पत्र लिहिलं. कडं परत मागायला नाही. कॉलेजचे प्रवेश सुरू झाले असतील, मी केव्हा येऊ, असं विचारायला. त्याचं उत्तर आलं नाही.

पुढच्या बाजाराला ओसरीत एकही बाई आली नाही. अम्मीनं सवयीनं पातेलंभर चहा ठेवला होता, तो तसाच राहिला. अब्बा सकाळपासून पाटावर बसून होते. दुपारी त्यांनी साच्याची माती परसात नेऊन टाकली. दोन महिने वाट पाहिल्यावर त्यांनी भाता उचलून सायकलला बांधला आणि गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करायला लागले. हांसळीवर मोर उमटवणारे त्यांचे हात पातेल्यांची बुडं चोळू लागले. संध्याकाळी ते नवसागराच्या धुरानं खोकत यायचे. मला ते कधी टोचून बोलले नाहीत. पण डोळे मिट, आता सांग, हे त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही.

पावसाळा उलटून गेल्यावर, कापूस फुटायला लागला तेव्हा, जमनी याडी मला बाजारात भेटली. मी मिरच्या घेत होते. मागून कोणी हात धरला म्हणून वळले तर ती. तिच्या डाव्या हातात काही नव्हतं, मनगटावर फक्त फिकट गोरा पट्टा होता. मला वाटलं पळावं, पण तिनं हात घट्ट धरला होता. तिनं अम्मीची तब्येत विचारली. माझं लग्न ठरलं का विचारलं. मग आवाज खाली करून म्हणाली,

‘तू मनाले लावून घेऊ नको, छोरी. तुया बापानं तुलेही खोटंच सांगतलं असंल. तुले काय माहीत होतं?’

ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कणव होती. भोवती बाजाराचा गलका होता. एक वाक्य पुरलं असतं. मी मान हलवली, हो म्हणून. तिनं माझ्या गालावर हात ठेवला आणि ती गर्दीत गेली. त्यानंतर दोन वर्षांनी ती वारली, हे मला माझ्या सासरी कळलं.

घरी आले तेव्हा अब्बा ओसरीत सायकलची साखळी पुसत होते. पिशवी ठेवताना माझा चेहरा त्यांनी पाहिला असावा. बाजारात कोण भेटलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जमनी याडी. त्यांचा हात थांबला.

‘माह्यावर लय चिडून होती का?’ त्यांनी विचारलं.

‘नाही अब्बा,’ मी म्हटलं. ‘तुमचं काही बोललीच नाही.’

त्यांनी मोठा श्वास सोडला. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. ‘भली बाई हाय,’ ते म्हणाले आणि पुन्हा साखळीला लागले, आणि मी मिरच्या घेऊन आत अम्मीकडे गेले.